शेततळ्यातली लाट

सहादेव : ...आन् मॅडम आल्या की पयलं सांग, चपला काढून कागदावर पाय टाका. तळ्याचा प्लास्टिक कागद फाटला तर तुझा समुद्र जिमिनीत जाईल, आन् माझी डाळिंबं उन्हाळाभर आभाळाकडं बघत बसतील.

अश्विनी : तात्या, कागदाला काही होत नाही. लोटायच्या फळीच्या कडांना बाबाजानचाचांनी सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्यात. आणि मॅडमना चपला काढायला सांगू नका. त्या दिल्लीच्या समितीवर आहेत. लाटांपासून वीज करायचं देशाचं धोरण त्या लिहितात.

सहादेव : मंग पाथर्डी तालुक्यात कशाला येत्यात? हितं तर प्यायच्या पान्याला टँकर येतो.

अश्विनी : माहीत असून विचारताय.

सहादेव : इचारायची रीत असती. काल पारावर सगळे मलाच इचारीत हुते, 'सहादेव, पुतनी एवढी लाटांवर शिकली, पन लाटा करनार कुठं?' म्या म्हनलं, आमच्या शेततळ्यात. तवापासून गाव माझ्या तब्येतीची चौकशी करतंय. दोघं जन तर घरी येऊन गेले. च्या पिऊन.

अश्विनी : करू दे चौकशी. तुम्ही आधी मोटर चालू करा. मॅडम यायच्या आत फळी एकदा हलवून बघते. मोटर फळी ढकलणार, फळी पाणी ढकलणार, लाट उठणार, लाटेवर आपला निळा ड्रम वर-खाली होणार...

सहादेव : ...आन् ड्रमाचा दांडा त्या खांबावरचा जनरेटर फिरवनार. पाठ झालंय मला. उलटा हातपंप. हातपंपाला मानूस दांडा हलवतो न् पानी वर येतं, हितं पानी दांडा हलवतं न् लाइट येती. बराबर?

अश्विनी : एकदम बरोबर. आता मोटर.

सहादेव : मोटार चालू व्हनार न्हाई.

अश्विनी : का?

सहादेव : लाइट न्हाई.

अश्विनी : असं कसं? थ्री फेज दिवसाची असते ना?

सहादेव : मागल्या आठवड्यात हुती. ह्या आठवड्यात पाळी रातीची हाय. रातचं दहा वाजता या म्हनावं मॅडमला, बॅटरी घेऊन.

अश्विनी : अरे देवा! त्या मागच्याच आठवड्यात येणार होत्या. तारीख पुढं गेली, आणि माझ्या लक्षातच आलं नाही. दहा वर्षं पुण्यात काय राहिले, इथली वीज दर आठवड्याला कूस बदलते हेच विसरले.

सहादेव : तारीख बदलून दिली, तवाच पाळी बी बदलून मागायची. दोनी सरकारीच हायेत.

अश्विनी : तात्या, मस्करी नको. बाबाजानचाचांचा जनरेटर कुठाय?

सहादेव : सोनईला. लग्नात. सकाळीच टेम्पोत घालून गेला. फोन लावू का त्याला? म्हनतो, 'नवरीला अंधारात ठिव आन् माघारी ये, आमचा समुद्र बंद पडलाय.'

अश्विनी : (एक ढेकूळ तळ्यात पडतं.) संपलं मग.

सहादेव : ढेकळं टाकू नको, पंपात गाळ जातो. काय संपलं? नीट सांग. मॅडम आल्या, च्या पिल्या, पुन्यांदा येतील.

अश्विनी : नाही येणार. तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. हे यंत्र समुद्रात उतरवायच्या आधी एकसारख्या लाटांवर चालवून दाखवावं लागतं. त्याच्या खास टाक्या असतात, मोठमोठ्या संस्थांत. तिथं दोन वर्षांची रांग आहे. रत्नागिरीला यंत्र उतरवायला जागा मिळालीय, पण पावसाळ्याआधी उतरलं तरच. यंदा चुकलं तर आमचा गट मोडतोय. दोघं परदेशी निघालेत. मला एका बँकेचं ॲप तयार करायची नोकरी आलीय.

सहादेव : बँकेची नोकरी वाईट न्हाई.

अश्विनी : तात्या, सात वर्षं झाली या ड्रमामागं.

सहादेव : म्हनून तर म्हनलं. वाईट न्हाई, पन आपली न्हाई. ते बघ, धुरळा. गाडी आली. तू पदर... न्हाई, ओढनी सारखी कर. मी बोलतो.

अश्विनी : तुम्ही बोलू नका!

विजयमाला : नमस्कार. अश्विनी तुम्हीच ना? मी विजयमाला. आणि हे?

सहादेव : मी समुद्राचा मालक. सहादेव. हिचा चुलता.

अश्विनी : तात्या...

विजयमाला : बरं झालं, मालक भेटले. आजवर समुद्राबाबत कुणाशी बोलायचं तेच कळत नव्हतं. येताना दोन टँकर ओलांडून आले. ड्रायव्हरनं विचारलं, 'मॅडम, आपण कशाची तपासणी करायला चाललोय?' मी सांगितलं, समुद्राच्या लाटांची. तेव्हापासून तो आरशातून सारखा माझ्याकडे बघतोय.

सहादेव : म्हंजी तुमची बी तब्येत इचारली म्हना.

विजयमाला : अजून नाही. परतीच्या वाटेवर विचारेल. अश्विनी, स्पष्ट बोलते. धोरणाच्या मसुद्यात आम्ही लिहिलंय, चाचणी मान्यताप्राप्त टाकीतच झाली पाहिजे. तुम्ही पत्र पाठवलंत की त्याऐवजी 'एकसारख्या लाटा देणारं कुठलंही पाणी' असं लिहा, आणि सोबत शेततळ्याचा फोटो. समिती खूप हसली. मीही हसले. मग वाटलं, हसायच्या आधी एकदा बघून यायला हवं होतं. तो क्रम चुकलाय, तेव्हा आता बघून घेते.

अश्विनी : थँक्यू, मॅडम. म्हणजे आज चाचणी झाली तर...

विजयमाला : ...तर परवाच्या बैठकीत ते वाक्य मी स्वतः बदलायला सांगेन. तुमच्यासारखे पाच-सहा गट त्याच रांगेत अडकलेत, सगळ्यांचीच सुटका होईल. नाही झाली तर वाक्य आहे तसं राहील, आणि माझ्यावर समिती पुन्हा हसेल. मला पाव तास एकसारख्या लाटा हव्यात. एकीसारखी दुसरी. चार वाजता मी निघणार. करा सुरू.

अश्विनी : मॅडम, एक अडचण आहे.

सहादेव : अडचन कसली? लाटा तयार हायेत, फकस्त लाइट न्हाई.

विजयमाला : लाईट नाही?

सहादेव : तुमी वीज तयार करायचं बघायला आला, आन् ती तयार करायला वीज लागती. आमी शेतकरी हे रोज बघतो, तुमी आज बघा.

अश्विनी : थ्री फेजची पाळी बदलली, मॅडम. चूक माझी आहे, मी तपासायला हवं होतं. पण फळी हातानं ढकलता येईल. तिला बांबू लावलेत. आठ माणसं लागतील.

विजयमाला : हातानं? दोन सेकंदांना एक लाट, पाव तास, हातानं?

सहादेव : मानसांची काळजी करू नका. बांधावर बघा. आर्धं गाव माझी तब्येत बघायला आलेलंच हाय. ए गहिनीनाथ! करण! या रं इकडं! बांबूला लागा. मोबाइल ठिवा खिशात, फोटू नंतर. अशे, हुकूम दे.

अश्विनी : सगळे ऐका! माझ्या फोनमध्ये टिक वाजेल. टिक वाजली की लोटायचं, मग सोडायचं. परत टिक, परत लोटायचं. एक... दोन...

विजयमाला : हं.

अश्विनी : होईल, मॅडम, जरा सवय...

विजयमाला : अश्विनी, ही लाट नाही. ही गर्दी आहे.

सहादेव : फोनची टिक पलीकडं ऐकू जात न्हाई तिच्यायला. गहिनीनाथ लोटतोय तवा करण ओढतोय. दोघांच्या बांधाचं भांडान हाय, मॅडम. आठ मानसं एका वक्ताला एकाच बाजूला लोटतील, हे गेल्या विलेक्शनपासून झालंच न्हाई गावात.

अश्विनी : मोठा आवाज हवा. सगळ्यांना एकच ठेका ऐकू आला पाहिजे. तात्या, राम आलाय का?

सहादेव : हलगीवाला? राम न येऊन जातो कुठं. हलगी काखंतच हाय. ए राम, पाचट पेटव, हलगी ताव! मॅडम, हलगीचं चामडं शेकल्याबिगर आवाज सुटत न्हाई. पाच मिंटं. तवर भाकरी खाता का? हिच्या काकीनं, गोजरबाईनं, तुमच्यासाठी शेंगादान्याची चटनी कुटलीय.

विजयमाला : चाचणीच्या आधी मी काही खात नाही.

सहादेव : लाच न्हाई हो, चटनी हाय.

विजयमाला : चव बघितली की मला फरक करता येत नाही. म्हणून नंतर. पलीकडच्या काठाला त्या जाळ्यांत काय बांधलंय?

अश्विनी : बाजरीचं सरमाड, मॅडम. लाट तिकडं जाऊन आदळली की माघारी येते आणि पुढच्या लाटेत घुसते. पेंढ्यांत शिरली की तिथंच मोडते. टाक्यांमध्ये त्यासाठी खास उतार करतात. आमच्याकडं सरमाड होतं.

विजयमाला : हं. हे चांगलंय.

सहादेव : ही 'हं' मगासच्या 'हं'पेक्षा बरी हुती, अशे.

अश्विनी : राम, कडक वाजव, पण सावकाश हं! एका ठोक्याला एक लोट. सगळे तयार? चल!

सहादेव : व्हय, व्हय! आली बघ एका रांगेत! ड्रम हालला!

अश्विनी : मॅडम, बघा, दुसरी पण तशीच! तिसरी...

विजयमाला : तिसरी जरा लवकर आली.

अश्विनी : राम, सावकाश!

विजयमाला : पाचवी फारच लवकर आली.

अश्विनी : राम! अरे हळू! तात्या, तो ऐकत नाहीये, ते सगळे नाचायला लागलेत!

सहादेव : हलगी तापली की चढतीच गं. त्याच्या भावाच्या लग्नात नवरदेव घोड्यावरनं उतरून जेवून झोपला, तरी हा वाजवीतच हुता. राम! आरं बास! मॅडम, मागं सरा! मागं...

विजयमाला : असू दे. चपला काढून ठेवायला कुणी सांगितलंच नाही.

सहादेव : बघ! म्या म्हनत हुतो!

अश्विनी : मॅडम, सॉरी, टॉवेल... काकी, टॉवेल आण! राम, तुला हळू म्हटलं होतं ना? काय? काय म्हणतोय तो, तात्या?

सहादेव : म्हनतोय, हळू वाजवनार न्हाई.

अश्विनी : का पण?

सहादेव : हळू ठेका मयताचा असतो. तिरडीम्होरं वाजवत्यात तो. म्हनतोय, पोरीचं शुभ काम हाय, तिच्या यंत्राला मयतीचा ठेका लावनार न्हाई. हात तोडला तरी न्हाई. आता ह्याला काय म्हनावं? चांगुलपनाच आडवा आला.

विजयमाला : अश्विनी, अडीच वाजून गेले. माझा स्वभाव वाईट नाही, पण एवढ्यावर मला सही करता येणार नाही. तुमचं यंत्र चांगलं असेल. लाटा चांगल्या नाहीत. मी काय लिहू? की यंत्र नाचलं?

अश्विनी : नका लिहू, मॅडम. तुमचं बरोबर आहे.

सहादेव : आता तू कुठं बघतीस? त्या कडुलिंबाकडं काय हाय?

अश्विनी : तात्या, हळू ठेका फक्त मयताचाच असतो?

सहादेव : मंग? लग्नाचा फास, जत्रंचा फास, मिरवनुकीचा तर...

अश्विनी : आणि बारशाचा? झोळीचा? झोळी कुणी फास हलवतं का?

सहादेव : झोळी व्हय... झोळी सावकाशच हालनार. फास हलवली तर पोरगं खाली पडंल.

अश्विनी : काकी! ए काकी! तुझं जुनं लुगडं आण! आणि दावं! आणि आत घालायला काहीतरी जड, गोल... तो भोपळा आण, माळवदावरचा!

विजयमाला : हे काय चाललंय?

अश्विनी : मॅडम, लंबक! दोरी लांब तर झोका सावकाश, आखूड तर भराभर. आत तान्हं असो की भोपळा असो, वेळ तीच. फांदीपासून भोपळ्याच्या पोटापर्यंत मीटरभर दोरी ठेवली, की एक पूर्ण झोका दोन सेकंदांचा.

विजयमाला : आठवीतला लंबक.

अश्विनी : हो. तो दमत नाही आणि तापत पण नाही. राम, इकडं ये. तू माणसांकडं बघायचं नाही, पाण्याकडं बघायचं नाही, माझ्याकडं तर अजिबात नाही. ह्या झोळीकडं बघायचं. ती ह्या टोकाला आली की एक ठोका. परत आली की परत एक. बारसं आहे असं समज. हे मयताचं आहे का? सांग.

सहादेव : इचार करतोय... मान हलवली! म्हनतोय, बारशाला वाजवीन. पन बाळाचं नाव काय ठिवनार ते आधी सांगा.

विजयमाला : नाव मागाहून ठेवू. आधी जन्माला येऊ द्या.

सहादेव : मॅडम, तुमी बी आमच्यातल्याच निघाल्या! आगं, अशे, तुझी काकी बघ. भोपळ्याला काजळाचं तीट लावतीय.

अश्विनी : लावू दे, लावू दे! काकी, झोका तूच दे. जशी मला द्यायचीस तशी.

विजयमाला : म्हणजे?

सहादेव : आमी ऊस तोडायला जायचो, मॅडम, कोल्हारकडं. सगळीच जायची, हिचे आई-बाप बी. फडाच्या बांधावर बाभळीला हिची झोळी. हिच्या आईच्या हातात कोयता, आन् गोजराकडं मोळ्या बांधायचं काम. मंग झोळीची दोरी गोजरानं पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हातानं मोळी, पायानं झोका. दिसभर. ही त्या अंगठ्यावर वाढलीय.

विजयमाला : हं.

सहादेव : ही तिसऱ्या परकारची 'हं' हाय.

अश्विनी : तात्या, फळीवरची माणसं बदला. हे पुन्हा नाचतील.

सहादेव : बदलायची गरजच न्हाई. बघ तिकडं. काकीनं दोरी अंगठ्याला बांधली न् बायांनी गड्यांना हुसकून लावलं. राहीबाई, मुमताजभाभी, ज्ञानेश्वरी, सगळ्या बांबूला! गहिनीनाथ, सर बाजूला, तुझ्या बांधाचं भांडान तुझ्या घरी ने! आठ पोरांच्या आया हायेत, मॅडम. हेंच्याइतकी झोळी कोनी हलवलीय?

अश्विनी : काकी, सोड झोका! राम, झोळीकडं! बायांनो, ठोक्याला लोट, मग सैल... लोट... सैल...

(हलगीचा एक ठोका. मग एक. मग एक. बराच वेळ लाटा एकामागून एक सरमाडात जाऊन मोडत राहतात.)

सहादेव : अशे.

अश्विनी : शू.

सहादेव : आगं, पन ह्या तर... ह्या तर सगळ्या एकसारख्याच...

विजयमाला : शू.

सहादेव : मी कवाच एवढा गप बसलो न्हाई.

विजयमाला : उंचीमध्ये फारसा फरक नाही. अंतर सारखं. पुढची. सारखी. पुढची... अश्विनी, लॅपटॉप इकडे करा. हे पंधरा मिनिटांचं आहे?

अश्विनी : अठरा, मॅडम. तुम्ही थांबा म्हणाला नाहीत.

विजयमाला : मी विसरले. यंत्र किती देतंय?

अश्विनी : ह्या मापाच्या ड्रमला जेवढं द्यायला हवं, तेवढं. माझ्या गणितापेक्षा किंचित जास्तच. हा नऊ वॉटचा बल्ब चालू आहे.

विजयमाला : चालू आहे? मला दिसत नाही.

अश्विनी : ऊन आहे, मॅडम. आकडा इथे...

विजयमाला : आकडा मला दिसतोय. आकडे मी तीस वर्षं बघतेय. मला बल्ब बघायचाय.

सहादेव : त्यात काय! करण, घोंगडी आन! हां. मॅडम, वाकून या. तुमी आन् बल्ब, दोघं घोंगडीखाली. अंधार घरचा हाय आमचा, त्याला पाळी नसती.

अश्विनी : तात्या, त्या समितीवर...

सहादेव : त्या गेल्या बी आत. मॅडम! दिसतंय का?

विजयमाला : थांबा. इथे मेंढरांचा वास आहे.

सहादेव : आन्?

विजयमाला : आणि उजेड आहे.

सहादेव : ऐकलं का रं सगळ्यांनी! उजेड हाय म्हनत्यात! लोटा, बायांनो, लोटा! रांगा लावा, घोंगडीत एकेकानं जायाचं! राम, तू न्हाई, तू झोळीकडं बघ! झोळी सोडलीस तर लाइट जाईल!

विजयमाला : घ्या, बाहेर आले. माझे केस कसे आहेत?

अश्विनी : मॅडम, घोंगडीचे धागे... हो, तिथे. मॅडम, तुम्हाला काय वाटलं?

विजयमाला : सांगते. पण आधी समितीत पहिला प्रश्न काय येईल, तो ऐका. आठ बायका, एक हलगी, एक भोपळा आणि एक बल्ब. लोक म्हणतील, एवढ्या खटाटोपात आठ जणींनी आठ काड्या ओढल्या असत्या तर जास्त उजेड पडला असता.

सहादेव : आगं बया. माझ्या मनातलंच बोलल्या. म्या भिऊन बोललो न्हाई.

अश्विनी : ह्या आठजणींना भाकरी लागते, मॅडम. समुद्राला भाकरी लागत नाही. इथं आम्ही फक्त समुद्राचं सोंग केलं, यंत्र खरं आहे हे दाखवायला. तिकडं लोटणारा आपणहून लोटतोय, दिवस-रात्र. आणि पावसाळ्यात सौर पॅनल ढगाखाली गप्प पडलेली असतात ना, तेव्हा तर सगळ्यात जोरात. तीच वीज तारेतून इकडं येईल.

सहादेव : रातीची बी आन् दिसाची बी? मंग पाळी बदलायची गरज पडनार न्हाई?

अश्विनी : लगेच नाही, तात्या. पण त्याच वाटेनं चाललोय.

सहादेव : मॅडम, धोरनात घाला. 'समुद्राला पाळी नसती.' माझं नाव न्हाई घातलं तरी चालंल.

विजयमाला : हे वाक्य मी घेणार. नाव नाही घालणार. चला, नोंद करू. चाचणीचं ठिकाण?

अश्विनी : सहादेव तात्यांचं शेततळं, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर.

सहादेव : नगर म्हनलं तरी पोचतं.

विजयमाला : लाटा निर्माण करणारी यंत्रणा?

सहादेव : भोपळा.

विजयमाला : 'लंबक-नियंत्रित, ध्वनिसंकेताधारित, मनुष्यबळचलित फळी.'

सहादेव : एवढा शिकलेला भोपळा आमच्या माळवदावर पडून हुता!

विजयमाला : निष्कर्ष. 'यंत्राचं काम समाधानकारक. समुद्रातील चाचणीस शिफारस.' आणि मसुद्यातलं 'मान्यताप्राप्त टाकी' मी इथेच खोडते. असं. पेन चांगलं चालतंय. अश्विनी, रत्नागिरीची तयारी करा. अशा का उभ्या आहात?

अश्विनी : काही नाही, मॅडम. डोळ्यात पाचटाचा धूर गेला.

सहादेव : पाचट कवाच इझलं. रड, रड. सात वर्सं ड्रमामागं फिरलीस, आता खुशाल रड. ए गोजरा, आगं पोरगी पास झाली! काय? म्हनती, 'झोका थांबवू का?' मॅडम, थांबवू का?

विजयमाला : थांबवा. आणि आता ती चटणी आणा. आता माझी सही झालीय, आता मला काहीही खाऊ घातलं तरी चालेल.

सहादेव : बसा हितं, लिंबाखाली. राहीबाई, भाकरी वाढा! बांबूवाल्यांना आधी, त्या समुद्र हायेत, त्यांना लागती! राम, हलगी फास कर आता. तुझी पाळी आली!

विजयमाला : मालक, तुम्ही रत्नागिरीला येणार ना? यंत्र उतरवताना?

अश्विनी : तात्यांनी कधी समुद्र बघितलाच नाही, मॅडम. तीन वेळा बोलावलं. दर वेळी डाळिंबाला पाणी द्यायचं असतं.

सहादेव : मंग खोटं हाय का? आन् खाऱ्या पान्यात बघायचं काय? ना पिता येतं, ना बागंला देता येतं.

विजयमाला : आज तुम्ही पाव तास पाण्याकडे बघत उभे होतात. गप्प.

सहादेव : ते घरचं पानी हुतं.

अश्विनी : राहू द्या, मॅडम. ते नाही येणार. आणि तिथं कामही काय? समुद्राला लोटायला माणसं लागत नाहीत.

सहादेव : अशे, रत्नागिरीची यष्टी नगरवरनं की पुन्यावरनं?

अश्विनी : पुण्यावरनं. का?

सहादेव : लोटायला न्हाई गं. बघायला. भोपळ्याबिगर तो एकटा कसा काय करतो, ते एकदा बसून बघतो.